आई धडधाकट, भ्रूणाला डोके नाही: फळमाशीच्या एका क्रॉसचा प्रकरण अभ्यास

पुण्यातल्या एका महाविद्यालयात एम. एस्सी. प्राणिशास्त्राच्या वर्गाला एप्रिलमध्ये एक प्रात्यक्षिक दिले होते. बायकॉइड या जनुकात बिघाड असलेला फळमाशीचा स्टॉक घ्यायचा, क्रॉस लावायचा (म्हणजे ठरवलेले नर-मादी जुगवायचे), न फुटलेली अंडी मोजायची आणि बिघाडाचा परिणाम कुठे दिसतो ते सांगायचे. (प्रकरण शिकवण्यासाठी बेतलेले आहे, मोजणीचे आकडे अशा प्रयोगात येतात त्या बेताने धरले आहेत.) मुलांचे पहिले उत्तर साफ चुकले. पंचाईत अशी, की त्यांचे आकडे मेंडेलच्या प्रमाणात चपखल बसत होते, म्हणून चूक कोणाला दिसलीच नाही.

स्टॉक साधा होता. तिसऱ्या गुणसूत्राच्या जोडीपैकी एकावर बायकॉइडची निकामी प्रत आणि दुसरे गुणसूत्र टीएम३ नावाचे बॅलन्सर. बॅलन्सर म्हणजे मुद्दाम उलटसुलट तुकडे जोडलेले गुणसूत्र. जोडीदाराशी त्याची अदलाबदल झालीच, तर त्यातून जगणारी संतती निघत नाही, त्यामुळे बिघडलेली प्रत पिढ्यान्‌पिढ्या जशीच्या तशी टिकते. टीएम३वर स्टबल ही खूणही असते: पाठीवरचे केस आखूड आणि जाडसर. हे गुणसूत्र दोन्हीकडून आले तर माशी प्रौढ होत नाही. या शेवटच्या वाक्यातच सगळी गोम होती.

पहिला क्रॉस स्टॉकमधल्या स्टॉकमध्येच, म्हणजे नर आणि मादी दोघेही एक बिघडलेली प्रत बाळगणारे. २०० अंडी मोजली. १४६ फुटली, ५४ राहिली. वहीत निष्कर्ष लिहिला गेला: ‘बिघडलेल्या दोन प्रती मिळालेले पाव भ्रूण मेले. बायकॉइड हे भ्रूणघातक अप्रभावी जनुक.’

वही तपासणाऱ्या मॅडमनी एवढेच विचारले, "स्टबल नसलेल्या माश्या निघाल्या का?" निघाल्या होत्या. त्याच क्रॉसच्या बाटल्यांमधून बाहेर आलेल्या १२६ प्रौढ माश्यांपैकी ४१ लांब केसांच्या होत्या, साधारण एक तृतीयांश. लांब केस म्हणजे बॅलन्सर नाही, म्हणजे बायकॉइडच्या दोन्ही प्रती निकामी. जे पाव भ्रूण मेले असे वहीत लिहिले होते, तेच व्हायलच्या भिंतीवर टुणटुणीत फिरत होते. मग मेले कोण? बॅलन्सरच्या दोन प्रती मिळालेले. तेही बरोबर पावच असतात. त्यातले काही अंड्यात मरतात, काही अळीच्या अवस्थेत.

दोन वेगळ्या कारणांचे प्रमाण एकच निघणे हा बॅलन्सर स्टॉकमधला जुना सापळा आहे. त्यातून सुटायला मोजणी पुरत नाही, मेलेला भ्रूण उघडून बघावा लागतो.

न फुटलेले अंडे कसे वाचायचे

अंडी द्राक्षरस घातलेल्या अगरच्या ताटलीवर घेतात: पाऊण पाणी, पाव रस, १०० मिलीला अडीच-तीन ग्रॅम अगर. रसाचा गडद रंग लागतो, कारण अंडे जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब आणि पांढरे असते. मध्यभागी यीस्टच्या लगद्याचा छोटा ठिपका ठेवायचा. लगदा पातळ झाला की माश्या त्यात अडकतात आणि मोजणी बोंबलते. पहिल्या तासाची ताटली सरळ फेकून द्यायची. चांगली जागा मिळेपर्यंत मादी फळलेली अंडी पोटात धरून ठेवते, त्यामुळे पहिल्या ताटलीत वाढीच्या निरनिराळ्या टप्प्यांवरचे भ्रूण सापडतात. दुसरी ताटली दोन ते चार तास ठेवून काढायची आणि २५ अंशांवर वाढू द्यायची. या तापमानाला अळी साधारण २२ ते २४ तासांत बाहेर येते. फुटण्याची मोजणी मात्र दीड-दोन दिवसांनी केलेली बरी, म्हणजे मागे राहिलेली अंडी उगीच मेलेल्यांत जात नाहीत.

राहिलेल्या अंड्यांत आधी रंग बघायचा. न फळलेले अंडे पांढरेच राहते. वाढ होऊन आत मेलेला भ्रूण पुढे तपकिरी पडतो. पहिल्या क्रॉसमधल्या ५४ पैकी ११ पांढरी होती, म्हणजे ती हिशेबातूनच वगळायला हवी होती. उरलेल्या ४३ तपकिरी भ्रूणांची क्युटिकल, म्हणजे अळीची बाहेरची कातडी, तयार करून बघितली.

त्याची रीत अशी. घरगुती ब्लीचमध्ये निम्मे पाणी घालून दोन मिनिटांत बाहेरचे कवच उतरवायचे आणि भरपूर पाण्याने धुवायचे. ब्लीचचा वास राहिला तर पुढचे सगळे फसते. मग हेप्टेन आणि मिथेनॉल सारख्या मापाने घेऊन त्यात अर्धा-एक मिनिट जोरात हलवायचे. आतला व्हिटेलाइन पडदा निघालेले भ्रूण खालच्या मिथेनॉलमध्ये बुडतात, न निघालेले दोन थरांच्या मधोमध तरंगत राहतात. बुडालेले तेवढे घेऊन होयर माध्यम (नमुना पारदर्शक करून काचपट्टीवर बसवणारा द्रव) आणि लॅक्टिक आम्लाच्या समप्रमाण मिश्रणात काचपट्टीवर ठेवायचे आणि ६०-६५ अंशांच्या ओव्हनमध्ये रात्रभर राहू द्यायचे. मांसल भाग विरघळतो, क्युटिकल उरते. सूक्ष्मदर्शकात डार्कफील्डच्या तिरप्या उजेडात ती काळ्या पार्श्वभूमीवर चमकते. पडदा काढायचा कंटाळा केला तर भ्रूण आत दुमडलेलाच राहतो आणि डोके नाही की डोके नुसते वळले आहे, हे ठरवता येत नाही.

निरोगी अळीत पुढे डोक्याचा काळा सांगाडा, मग छातीच्या तीन खंडांवर बारीक काट्यांचे अरुंद पट्टे, पोटाखाली आठ खंडांवर ठळक काट्यांचे रुंद पट्टे आणि शेपटीकडे श्वासनलिकांच्या तोंडाशी फिल्टझ्‌कॉर्पर ही चमकदार जोडी दिसते. पहिल्या क्रॉसच्या तपकिरी भ्रूणांपैकी बहुतेकांत हे सगळे जागच्या जागी होते. डोके शाबूत होते. बायकॉइडचा यात काही संबंध नाही, हे इथेच उघड झाले.

मधली अडचण: उकाडा

पुढचा क्रॉस लावण्याआधी नियंत्रण म्हणून, म्हणजे तुलनेसाठी, ऑरेगॉन-आर या निरोगी जातीची अंडी मोजली, तर २०० पैकी ५८च फुटली. वर्गाचा धीर सुटला. पण राहिलेली जवळजवळ सगळी अंडी पांढरी होती: मेलेली नव्हती, फळलीच नव्हती. एप्रिलमध्ये पुण्यात पारा ३८-४०पर्यंत जातो. त्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद, इन्क्युबेटर काही तास बंद पडलेला आणि बाटल्या खोलीच्या तापमानाला. फळमाशीचा नर ३०च्या आसपासच्या तापमानात वाढला तर बाहेरून ठणठणीत दिसतो, मादीशी जुगतोही, पण त्याचे शुक्राणू कामाचे नसतात. २५ अंशांवर वाढलेले ताजे नर घेतल्यावर त्याच जातीची २०० पैकी १८८ अंडी फुटली. वीज जायची असेल त्या दिवशी बाटल्या थर्मोकोलच्या खोक्यात, गार पाण्याच्या बाटल्यांसोबत ठेवणे पुरते. बर्फ नको, माश्या गारठून खाली पडतात आणि खाद्यात चिकटतात.

नियंत्रण न घेता दुसरा क्रॉस लावला असता, तर न फळलेली अंडी बायकॉइडच्या खात्यावर गेली असती आणि नंतर ती कोणी वेगळी काढली नसती.

दुसरा क्रॉस, उलटा आणि सुलटा

आता लांब केसांच्या माद्या, म्हणजे बायकॉइडच्या दोन्ही प्रती निकामी असलेल्या, निरोगी नरांना दिल्या. या क्रॉसमधल्या प्रत्येक भ्रूणाला बापाकडून एक चांगली प्रत मिळते. मेंडेलच्या नेहमीच्या हिशेबाने सगळी अंडी फुटायला हवीत. २०० पैकी एकही फुटले नाही. ९ पांढरी, १९१ तपकिरी, आणि क्युटिकल बघितली तर डोके नाही, छाती नाही, पोटाचे पुढचे पट्टे एकमेकांत मिसळलेले आणि पुढच्या टोकाला शेपटीचे भाग, चमकदार फिल्टझ्‌कॉर्परसह. दोन्हीकडे शेपूट.

उलटा क्रॉस: लांब केसांचे नर आणि निरोगी माद्या. २०० पैकी १८७ फुटली, अळ्या नेहमीसारख्या.

दोन्ही क्रॉसमधल्या भ्रूणांची जनुकीय घडण या जनुकापुरती हुबेहूब सारखी: एक प्रत चांगली, एक निकामी. तरी एकीकडे सगळे मेले, दुसरीकडे सगळे जगले. फरक फक्त आई कोण होती याचा. भ्रूणाला डोके येणार की नाही, हे भ्रूणाच्या स्वतःच्या बायकॉइडवर ठरत नाही, आईच्या बायकॉइडवर ठरते. पहिल्या क्रॉसमधल्या लांब केसांच्या माश्या म्हणूनच जगल्या. त्यांच्या आईकडे एक चांगली प्रत होती.

इथे व्हर्जिन, म्हणजे अजून न जुगलेल्या, माद्यांबद्दल थोडे. २५ अंशांवर मादी कोशातून बाहेर पडल्यावर साधारण आठ तास नराला जवळ येऊ देत नाही. तेवढ्यात ती वेगळी काढायची. १८ अंशांवर हा अवधी दुपटीच्या आसपास जातो, उन्हाळ्यात खोलीत तो बराच आखडतो. सुलट्या, म्हणजे आई बिघडलेल्या क्रॉसमध्ये एखादी मादी आधीच भावाशी जुगलेली असली तरी निकाल बदलत नाही, बाप कोणताही असो भ्रूण डोक्याविनाच. गफलत उलट्या क्रॉसमध्ये होते. निरोगी मादी आधीच निरोगी नराशी जुगलेली असेल, तरी सगळी अंडी फुटणारच, आणि बायकॉइड नसलेल्या नराने काही केले की नाही ते कळणारच नाही. यावर सोपा पहारा आहे. निरोगी माद्या पांढऱ्या डोळ्यांच्या घ्यायच्या, नर लाल डोळ्यांचे. डोळ्यांच्या रंगाचे हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, त्यामुळे ठरलेल्या नराची प्रत्येक मुलगी लाल डोळ्यांची निघते. एकजरी पांढऱ्या डोळ्यांची मुलगी दिसली, तर ती मादी व्हर्जिन नव्हती आणि ती व्हायल बाद.

आईची शिदोरी

अंडाशयात एका जननपेशीच्या चार विभाजनांतून १६ पेशी तयार होतात आणि त्या बारीक नळ्यांनी एकमेकींना जोडलेल्या राहतात. त्यातली एक अंडे होते, बाकीच्या १५ पोषक पेशी. बायकॉइडचा संदेश-आरएनए या पोषक पेशींत तयार होतो, आईच्या जनुकावरून. मग तो नळ्यांतून अंड्यात येतो आणि सूक्ष्मनलिकांच्या आधाराने पुढच्या टोकाला रोवला जातो. एक्झुपरॅन्शिया, स्वालो आणि स्टाउफेन ही जनुके याच कामाची. त्यांतले एखादे आईत बिघडले तर बायकॉइड धडधाकट असूनही संदेश नीट जागेवर बसत नाही आणि डोके बिघडते. नुसत्या क्युटिकलवरून ‘बायकॉइडच बिघडले’ असे म्हणणे म्हणून घाईचे ठरते.

अंडे घातले गेले की हा संदेश वाचला जाऊ लागतो. बापाचे शुक्राणू तोपर्यंत आत आलेले असतात, पण त्यांच्या जनुकांना अजून फारसा आवाज नसतो. केंद्रके भराभर दुणावतात, सुरुवातीला दर आठ-दहा मिनिटांनी, आणि मध्ये पेशींच्या भिंती नसतात. १३ विभाजनांनंतर सुमारे ६००० केंद्रके कवचाजवळ येतात, तेव्हा कुठे त्यांच्याभोवती पेशी बनतात आणि भ्रूणाची स्वतःची जनुके जोमाने कामाला लागतात. तोवर अडीच-तीन तास झालेले असतात आणि पुढे कोण, मागे कोण हे केव्हाच ठरून गेलेले असते. बापाची चांगली प्रत त्यानंतर जागी होऊन उपयोगाची नाही. शिवाय बायकॉइड भ्रूणात वापरातच येत नाही, ते आईच्या अंडाशयाचे जनुक.

भिंती नसल्यामुळे बायकॉइडचे प्रथिन पुढच्या टोकापासून मागे पसरत जाते आणि विरळ होत जाते. दर १०० मायक्रोमीटरला त्याची मात्रा साधारण एक तृतीयांशावर येते. अंडे सुमारे ५०० मायक्रोमीटरचे. जिथे मात्रा पुरेशी तिथे हंचबॅक हे जनुक सुरू होते, म्हणजे अंड्याच्या पुढच्या अर्ध्या भागात. हंचबॅक, जायंट, क्रुपेल, निर्प्स ही गॅप जनुके रुंद पट्ट्यांत चालू होतात आणि एकमेकांच्या हद्दी आखतात. त्यांच्या हद्दींवरून ईव्हन-स्किप्ड आणि फुशी ताराझू यांचे सात-सात पट्टे, आणि त्यांच्यावरून एनग्रेल्डचे चौदा. ईव्हन-स्किप्डचा दुसरा पट्टा हे याचे सर्वांत नीट उलगडलेले उदाहरण आहे. बायकॉइड आणि हंचबॅक त्याला चालू करतात, जायंट पुढून आणि क्रुपेल मागून दाबतात, आणि मधे काही पेशींच्या रुंदीची फट उरते तिथे पट्टा उमटतो. या भ्रूणांत बायकॉइड नाही म्हणून तो पट्टा उठत नाही.

पुढच्या टोकाला शेपूटच का येते, नुसते रिकामे का राहत नाही, हा प्रश्न मुले हमखास विचारतात, आणि तो अगदी योग्य आहे. अंड्याच्या दोन्ही टोकांना टॉर्सो नावाचा ग्राही (पेशीबाहेरचा संकेत टिपणारे प्रथिन) सारखाच चेतवला जातो. त्याचा हुकूम एकच: ‘हे टोक आहे.’ त्यासोबत बायकॉइड असेल तर टोकाचे डोके होते, नसेल तर शेपूट. बायकॉइड गेले की पुढचे टोक मागच्याचीच नक्कल करते. बायकॉइडचे आणखी एक काम कॉडल या प्रथिनाला पुढच्या भागात तयार होऊ न देणे हे आहे. तो अडसर निघाल्यावर कॉडल पुढेही बनते आणि शेपटीकडचा कल आणखी वाढतो.

अंड्याच्या पुढच्या टोकातला पेशीद्रव काढून बायकॉइड नसलेल्या अंड्याच्या पुढच्या टोकात टोचला तर डोके परत येते, हे फ्रोनहोफर आणि न्युसलाइन-फोलहार्ड यांनी १९८६ साली दाखवले. क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांनी १९८० साली अळीच्या खंडांची जनुके शोधून काढली होती. १९९५ साली एडवर्ड लुईस यांच्यासह त्यांना नोबेल मिळाले.

हे इतर प्राण्यांत किती लागू?

बायकॉइड स्वतः अजिबात नाही. ते पुढारलेल्या माश्यांच्या कुळातच आहे, हॉक्स कुळातल्या (शरीराचा कोणता भाग कुठे हे ठरवणाऱ्या जनुकांच्या) एका जनुकाची प्रत होऊन नंतर वेगळ्या वाटेला लागलेले. मधमाशी, भुंगेरे, डास यांचे डोके दुसऱ्याच जनुकांनी ठरते. पण आईने भरलेल्या मालावर सुरुवात हा प्रकार सगळीकडे आहे. झेब्राफिशमध्ये भ्रूणाची जनुके साधारण हजार पेशींच्या टप्प्यावर, तीन तासांच्या सुमारास, जोरात चालू होतात. उंदरात दोन पेशींवर, माणसात चार ते आठ पेशींवर. उंदराच्या मादीत मेटर हे जनुक नसेल तर तिचे भ्रूण दोन पेशींवर अडकतात. स्त्रीमध्ये एनएलआरपी७च्या दोन्ही प्रती बिघडल्या असतील तर पुन्हापुन्हा द्राक्षगर्भ (बाळाऐवजी द्राक्षांच्या घडासारखी वाढ) राहतो, नवऱ्याचे जनुक कितीही निरोगी असले तरी. तपासणी भ्रूणाची करून भागत नाही, आईची करावी लागते.

भ्रूणविज्ञान पुण्याला नवे नाही; पुणे विद्यापीठात लीला मुल्हेरकर यांनी कोंबडीच्या भ्रूणावरचे काम रुजवले. पण आईच्या जनुकाचा प्रश्न कोंबडीवर सोडवायचा तर पिल्लू अंडी घालू लागेपर्यंत पाचेक महिने थांबावे लागते. माशीचे चक्र दहा दिवसांचे.

पुढच्या तुकडीने काय करावे

हाच स्टॉक आणखी एका प्रश्नासाठी वापरता येतो. आईकडे एकच चांगली प्रत असेल तर प्रथिन कमी पडते, मग स्टॉकची अंडी नीट कशी फुटतात? भ्रूण जिवंत असताना बघितले तर उत्तर मिळते. कवच उतरवलेले भ्रूण काचपट्टीवर हॅलोकार्बन तेलात ठेवायचे. तीन तासांच्या सुमारास डोक्यामागे एक आडवी घडी पडते, सेफॅलिक फरो. आईकडे दोन प्रती असताना ती पुढच्या टोकापासून अंड्याच्या साधारण ३५ टक्क्यांवर असते. एकच प्रत असेल तर ती पुढे सरकते, चार असतील तर मागे. दोन्ही प्रती निकामी असतील तर पडतच नाही. सरकलेल्या घडीचे भ्रूणही पुष्कळदा निरोगी अळ्या होतात, कारण पुढच्या टप्प्यांत खंड बऱ्यापैकी सावरून घेतले जातात.

स्टॉक १८ अंशांवर ठेवावा आणि बाटली बदलताना लांब केसांच्या माश्या दिसतात ना ते पाहावे. त्या येईनाशा झाल्या, तर बिघडलेल्या गुणसूत्रावर दुसरा कुठला तरी घातक बदल साचला आहे असे धरायचे आणि बायकॉइडचा भाग गळालेल्या गुणसूत्राशी क्रॉस करून काम चालवायचे.

मोजमापात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. भ्रूण कुशीवर पडलेला हवा. पालथा असेल तर घडी तिरकी दिसते आणि आकडा चुकतो. आणि पुढचे टोक ओळखायला मागच्या टोकाला जमलेल्या ध्रुवपेशींचा पुंजका शोधायचा, कारण कवच निघाल्यावर पुढची दोन शिंगे त्याच्यासोबत गेलेली असतात. घडी पडली की लगेच पोटाकडचा पट्टा पाठीवर सरकू लागतो आणि ध्रुवपेशी त्याच्यासोबत पुढे वाहतात, त्यामुळे फोटो पहिल्या दहाएक मिनिटांतच काढायचा.